मेंदूच्या मूळपेशी, आप्पांचा उजवा हात आणि गहाण पडू पाहणारी जमीन

प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यातले एक शेतकरी, वय ५८. आठ महिन्यांपूर्वी अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. आता काठी धरून चालतात, पण हात कामाचा नाही आणि बोलणं तुटक आहे. मुलगा लिहितो: "एका मोठ्या शहरातल्या दवाखान्याचा माणूस घरी येऊन गेला. म्हणाला, पेशंटच्याच स्टेम सेल काढून परत सोडतो, मेंदूत नवीन न्यूरॉन उगवतात. स्वतःच्याच पेशी, त्यामुळं धोका शून्य. तीन वेळा करावं लागेल, दर वेळचा खर्च लाखांत. आई जमीन गहाण टाकायला तयार झालीय. मेंदूत स्वतःच्या स्टेम सेल असतात हे खरं आहे का? आणि खरं असेल तर आप्पांचा हात येईल का?"

बेळगावात पक्षाघाताचे रुग्ण बघण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्या अनुभवावरून उत्तर देतो. मेंदूत स्वतःच्या मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून नव्या पेशी तयार होतात त्या स्टेम सेल, असतात, हे खरं. त्या वाटेनं आप्पांचा हात येईल, हे आज तरी खरं नाही. जमीन गहाण टाकू नका. कारणं सविस्तर सांगतो, कारण त्या माणसानं सांगितलेल्या गोष्टीत सत्याचा अंश आहे आणि म्हणूनच ती पटते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनचे रामोन इ काखाल यांनी मेंदूच्या पेशींचा जो अभ्यास केला, त्यातून एक समज पक्का झाला: मोठ्या माणसाच्या मेंदूत जी पेशी मेली ती मेली, नवी येत नाही. पुढं कित्येक दशकं वैद्यकीच्या मुलांना हेच शिकवलं गेलं. त्याला पहिला धक्का दिला जोसेफ आल्टमन यांनी. १९६५ साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी गोपाल दास यांनी मोठ्या उंदरांच्या मेंदूत नव्यानं जन्मलेल्या पेशी दाखवल्या. पेशी विभागताना डीएनएमध्ये जो घटक ओढून घेते, तो किरणोत्सर्गी करून त्यांनी उंदरांना टोचला होता. ज्या पेशीत तो सापडला ती अलीकडं जन्मलेली. पुरावा समोर होता, पण बहुतेकांनी तो मानला नाही. पंचवीसेक वर्षं त्यांचं काम जवळपास दुर्लक्षित राहिलं. दरम्यान फर्नांडो नॉटेबोम यांनी गाणाऱ्या कॅनरी पक्ष्यांच्या मेंदूत नवे न्यूरॉन, म्हणजे संदेश वाहणाऱ्या मेंदूच्या पेशी, तयार होताना दाखवले. मग १९९२ मध्ये कॅनडात ब्रेंट रेनॉल्ड्स आणि सॅम्युएल वाइस यांनी प्रौढ उंदराच्या मेंदूतून पेशी काढून, बशीत वाढीचं प्रथिन घालून, त्यांच्यापासून न्यूरॉन आणि न्यूरॉनच्या आधारपेशी, दोन्ही तयार करून दाखवले. मेंदूत मूळपेशी आहेत हे तेव्हा पक्कं झालं.

माणसात हे बघणं अवघड. जिवंत माणसाचा मेंदू कापून बघता येत नाही. १९९८ मध्ये पीटर एरिकसन आणि फ्रेड गेज यांना वाट सापडली. काही कर्करोगाच्या रुग्णांना उपचारांच्या तपासणीसाठी पेशीविभाजनावर खूण करणारं एक औषध आधीच दिलेलं होतं. त्या रुग्णांच्या मृत्यूनंतर मेंदू तपासले, तेव्हा हिप्पोकॅम्पस या स्मरणशक्तीच्या भागात खूण असलेले न्यूरॉन सापडले. २०१३ मध्ये स्वीडनच्या योनास फ्रिसेन यांच्या गटानं तर अणुचाचण्यांचाच उपयोग करून घेतला. १९५५ ते १९६३ या काळात हवेत झालेल्या अणुस्फोटांमुळं वातावरणातला कार्बन-१४ वाढला आणि नंतर हळूहळू उतरला. पेशीच्या डीएनएत त्याचं प्रमाण किती, यावरून ती कोणत्या साली जन्मली ते ठरवता येतं. त्यांचा हिशेब असा निघाला की मोठ्या माणसाच्या एका बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये रोज साधारण ७०० नवे न्यूरॉन भर घालतात.

यावरही भांडण झालंच. २०१८ मध्ये एका गटानं जाहीर केलं की माणसात ही निर्मिती लहानपणीच जवळपास थांबते. त्याच वर्षी दुसऱ्या गटानं म्हातारपणापर्यंत चालू असल्याचं सांगितलं. एकाच अवयवाबद्दल इतकी उलटी उत्तरं कशी, ते समजून घेण्यासारखं आहे. हिप्पोकॅम्पसचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की दाटीवाटीनं बसलेल्या पेशींचा एक वळलेला पट्टा दिसतो. त्या पट्ट्याच्या आतल्या कडेला शोधायची असते ती कोवळी पेशी: लहानसं अंग, एकच बारीक शेपूट, आणि डबलकॉर्टिन नावाच्या प्रथिनाचा रंग चढलेली. हे प्रथिन मृत्यूनंतर काही तासांतच विरायला लागतं. मेंदू उशिरा काढला किंवा रसायनात गरजेपेक्षा जास्त काळ ठेवला, की पेशी असूनही रंग चढत नाही आणि बघणारा म्हणतो, नाहीतच. २०१९ मध्ये माद्रिदच्या गटानं नमुने काटेकोरपणे जपून तपासले, तेव्हा ४३ ते ८७ वयाच्या निरोगी माणसांत अशा कोवळ्या पेशी हजारोंनी दिसल्या, आणि अल्झायमरच्या रुग्णांत त्या लक्षणीय कमी होत्या. २०२५ मध्ये फ्रिसेन यांच्याच गटानं प्रौढ माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये विभागत असलेल्या पूर्वज पेशी दाखवल्या, मात्र काही माणसांत भरपूर आणि काहींत जवळपास नाहीत. माझ्या मते 'आहेत का' हा वाद आता मिटत आला आहे. किती आहेत आणि त्यांचा उपयोग किती, हे अजून ठरायचं आहे.

इथपर्यंत त्या माणसाचं म्हणणं खरं. आता आप्पांच्या मेंदूकडं वळू.

या मूळपेशी सगळ्या मेंदूभर पसरलेल्या नसतात. मुख्य जागा दोनच: हिप्पोकॅम्पसचा तो पट्टा आणि मेंदूच्या आतल्या पाण्याच्या पोकळ्यांची कड. उंदरात या दुसऱ्या जागेतून नव्या पेशी रांगेनं नाकाच्या मागच्या गंधकेंद्राकडं जातात. माणसात ही ये-जा पहिल्या दीड-दोन वर्षांतच आटते. हाताची हालचाल चालवणारे न्यूरॉन असतात मेंदूच्या वरच्या थरात, म्हणजे या दोन्ही जागांपासून दूर. हिप्पोकॅम्पसमध्ये जन्मलेली पेशी तिथंच राहते, तिथलंच काम करते. ती हाताच्या मदतीला येत नाही.

पक्षाघातानंतर मेंदू स्वतःहून काही प्रयत्न करतो का? करतो. २००२ मध्ये ओले लिंडव्हाल यांच्या गटानं उंदरांत कृत्रिम पक्षाघात घडवून पाहिलं. पोकळीच्या कडेच्या मूळपेशी खरोखर जाग्या झाल्या, नव्या पेशी इजा झालेल्या भागाकडं निघाल्या, तिथल्या न्यूरॉनसारखं रूप घ्यायलाही लागल्या. मग त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त काही आठवड्यांत मेल्या. जितके न्यूरॉन गेले होते त्यांच्या फक्त ०.२ टक्के भरून निघाले. हा आकडा मी प्रत्येक कुटुंबाला सांगतो, कारण खरी अडचण कुठं आहे ते त्यातून कळतं. पेशी जन्माला घालणं हा त्यातला सोपा भाग. तिनं व्रणाच्या जागेत, जिथं रक्तपुरवठा धड नाही आणि सूज आहे, तिथं जगायचं. मग आप्पांच्या बाबतीत डाव्या मेंदूच्या माथ्यावरून एक तंतू काढायचा, तो खाली आणायचा, मेंदूच्या देठाशी उजवीकडं ओलांडायचा, मानेतल्या मज्जारज्जूपर्यंत म्हणजे वीतभर तरी लांब न्यायचा आणि बोट उचलणाऱ्या नेमक्या पेशीला जोडायचा. जोडणी चुकली तर हात उघडण्याऐवजी आखडेल. गर्भात असताना ही वाट दाखवणारे रासायनिक संकेत असतात. ५८ व्या वर्षी त्यातले बहुतेक उरलेले नसतात.

आता त्या दवाखान्यात नेमकं काय करतात ते बघा. कमरेच्या हाडातून सुईनं मज्जा काढतात, त्यातल्या पेशी वेगळ्या करतात आणि शिरेतून किंवा पाठीच्या मणक्यातल्या पाण्यात सोडतात. या रक्त तयार करणाऱ्या पेशी. मेंदूच्या मूळपेशींशी त्यांचं नातं नाही, आणि मेंदूत जाऊन त्या न्यूरॉन बनतात याला विश्वासार्ह पुरावा नाही. शिरेतून सोडलेल्या पेशींतल्या पुष्कळशा तर फुप्फुसांतच अडकतात. मेंदूच्या मूळपेशींची गोष्ट सांगायची आणि टोचायची हाडाची मज्जा, ही अदलाबदल मला सगळ्यात जास्त खटकते.

या मज्जेच्या पेशींची नीट चाचणी आपल्याच देशात झाली आहे. डॉ. कामेश्वर प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पाच केंद्रांत पक्षाघाताचे १२० रुग्ण घेतले, निम्म्यांना स्वतःच्याच मज्जेच्या पेशी दिल्या, निम्म्यांना नाही. निकाल २०१४ मध्ये आला: उपचार सुरक्षित होता, पण फायदा दिसला नाही. आणि ते रुग्ण पक्षाघाताला काही आठवडेच झालेले होते, आप्पांना आठ महिने झालेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाही स्पष्ट आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांतलं मूळपेशी प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं संशोधनाच्या चौकटीतच करायचं, पैसे घेऊन उपचार म्हणून नाही.

'धोका शून्य' हेही खरं नाही. आप्पांना रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असणार. मणक्यात सुई घालायची तर ती बहुधा काही दिवस बंद करायला सांगतील, आणि गोळी बंद असलेल्या त्या दिवसांत दुसरा झटका येण्याची भीती असते. मणक्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. परदेशात याहून वाईट घडलं आहे. २००९ मध्ये नोंदवलेल्या एका मुलाच्या मेंदूत आणि मणक्यात, गर्भातून घेतलेल्या मूळपेशींपासून गाठी वाढल्या. २०१६ मध्ये पक्षाघाताच्या एका अमेरिकन रुग्णाच्या मणक्यात, वेगवेगळ्या देशांत पैसे भरून घेतलेल्या अशाच इंजेक्शनांनंतर, परक्या पेशींची गाठ वाढलेली सापडली. त्या पेशी दुसऱ्याच्या होत्या हे मान्य. पण बाटलीत नेमकं काय आहे, हे तुम्हाला तरी कोण दाखवणार?

मेंदूच्याच मूळपेशी काढून त्याच माणसाला परत देण्याचा प्रयत्नही एकदा झालेला आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) एका रुग्णाच्या मेंदूतला छोटा तुकडा काढून, त्यातल्या पेशी वाढवून, परत सोडल्या. सुमारे तीन वर्षं सुधारणा दिसली, मग आजार पुन्हा डोकं वर काढू लागला. एकाच रुग्णावरून काही ठरवता येत नाही, कारण तुलनेला दुसरं कोणी नव्हतं.

याचा अर्थ संशोधन थांबलंय असा नाही, आणि त्याच्याकडून मला मनापासून आशा आहे. २०२५ मध्ये पार्किन्सनचे दोन छोटे अभ्यास प्रसिद्ध झाले, अमेरिका-कॅनडात १२ रुग्णांवर आणि जपानच्या क्योतोत सात रुग्णांवर. डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या, प्रयोगशाळेत बनवलेल्या पेशी मेंदूत ठेवल्या, त्या जगल्या, आणि त्या पेशींमुळं गंभीर त्रास झाला नाही. तिथं काम तुलनेनं सोपं आहे: एकाच जातीची पेशी गेलेली असते आणि तिला एकच रसायन ठरावीक जागी पुरवायचं असतं. पक्षाघातात दहा जातींच्या पेशी आणि त्यांचं सगळं जाळं एकदम जातं. दुसरी वाट म्हणजे मेंदूतल्या आधारपेशींनाच न्यूरॉन बनवायचं. २०२० मध्ये एकच प्रथिन कमी करून उंदरात हे साधल्याची मोठी बातमी झाली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटानं पेशींचा माग नीट काढला, तर ते 'नवे' न्यूरॉन बहुतांशी आधीपासूनचेच निघाले. तिसरा धडा फ्लुऑक्सेटिनचा. उदासीनतेवरची ही गोळी उंदरात नव्या न्यूरॉनची निर्मिती वाढवते, म्हणून ब्रिटनमध्ये पक्षाघाताच्या ३,१२७ रुग्णांवर तिची चाचणी झाली. २०१८ चा निकाल: हातापायांत काही फरक नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. उंदराचा निकाल आपल्याला तसाच्या तसा लागू होत नाही, हे इतकं स्पष्ट दुसऱ्या कशानं दिसणार?

तो माणूस पुन्हा आला तर त्याच्याकडं भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीतला, म्हणजे सीटीआरआयचा क्रमांक मागा. खऱ्या चाचणीत त्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत, इजा झाल्यास भरपाई असते आणि संमतीपत्र तुम्हाला कळेल अशा भाषेत, मराठीत, मिळायला हवं. पैसे मागितले की विषय तिथंच संपवा. शंका उरली तर कागद घेऊन बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदूविकारांच्या सरकारी संस्थेत किंवा मिरज-कोल्हापूरकडच्या ओळखीच्या मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. लाखांचं कर्ज काढण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्यात कसला संकोच?

आता हाताचं. आठ महिन्यांत आप्पा अंथरुणावरून काठीपर्यंत आले, ते नव्या न्यूरॉनमुळं नाही. वाचलेल्या न्यूरॉननी नव्या जोडण्या केल्या, शेजारच्या भागांनी काम उचललं. हे पहिल्या तीन महिन्यांत भराभर होतं, नंतर सावकाश, पण आठव्या महिन्यात दार बंद झालेलं नसतं. अमेरिकेत २२२ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्ण पक्षाघातानंतर तीन ते नऊ महिन्यांतले, म्हणजे अगदी आप्पांसारखे. चांगल्या हाताला जागेपणीचा बहुतेक वेळ जाड हातमोजा घालून अडवलं आणि दोन आठवडे रोज तासन्‌तास लुळ्या हाताकडूनच कामं करून घेतली. झालेली सुधारणा वर्षभरानंतरही टिकली होती.

ही पद्धत सगळ्यांना चालत नाही. आज घरी एक बघा. आप्पांचा उजवा हात टेबलावर असा ठेवा की पंजा कडेबाहेर खाली लोंबेल. 'पंजा वर उचला' म्हणा. मनगट थोडं जरी वर आलं आणि बोटं किंचित जरी उघडली, तरी त्या हाताला पुष्कळ वाव आहे. काहीच हललं नाही, तर हातमोजा घालू नका, त्यानं नुसता वैताग येतो. तिथं आरशात चांगल्या हाताचं प्रतिबिंब बघत केलेला सराव, विद्युत उत्तेजन, आखडलेपणावरचं इंजेक्शन अशा दुसऱ्या वाटा आहेत.

हालचाल असेल तर ताटात मूठभर शेंगा घ्या. डाव्या ताटातली एकेक शेंग उजव्या हातानं उचलून उजव्या ताटात. सुरुवातीला अंगठा बाजूला जाणार नाही, शेंग तळहाताशी घसरेल, खांदा वर चढेल. खांदा चढला की थांबवा, कोपर टेबलाला टेकवा, पुन्हा. शेंगा जमल्या की चवळी, मग तांदूळ. मग खरी कामं: शर्टाचं बटण, तांब्या, पानाचा डबा. दहा-वीस वेळा करून मेंदूला काही कळत नाही, शेकड्यांनी करावं लागतं. आणि एक काळजीनं सांगतो: आप्पांना उठवताना उजवा हात धरून ओढू नका. लुळा खांदा निखळतो, मग दुखण्यापायी ते हात हलवायचंच सोडतात. कमरेला धरून उठवा.

सगळं घरच्यांवर टाकून चालत नाही, हेही सांगायला हवं. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात घरच्यांना व्यायाम शिकवून घरी पाठवलं. २०१७ च्या निकालात त्याचा वेगळा फायदा दिसला नाही. म्हणून आठवड्यातून दोनदा तरी फिजिओथेरपिस्टनं हात बघून व्यायाम बदलायला हवेत. खानापुराहून बेळगावला ये-जा, फी, एक दिवसाची मजुरी बुडणं, हे सगळं धरूनही वर्षभराचा खर्च त्या एका इंजेक्शनाच्या आसपास फिरकणार नाही.

बोलण्याबद्दल आपल्या भागात एक खास अडचण आहे. इथल्या माणसाच्या डोक्यात मराठी, कन्नड आणि थोडी हिंदी एकत्र नांदते. वाचा गेल्यावर कधी तिन्ही बरोबर परततात, कधी एक आधी येते. वाचाउपचार करणारी मुलं-मुली बऱ्याचदा कन्नडमधली चित्रं आणि शब्द वापरतात. आप्पा घरात आयुष्यभर मराठी बोलले असतील तर मराठीतून सराव मागा. तो हक्कानं मागा, त्यात कुणाचा अपमान नाही. चित्रं ओळखीची घ्या: खुरपं, बैल, भाताची पेंडी, चहाचा कप. वारकरी घर असेल तर एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल, दोन शब्द जोडता न येणारा माणूस भजनाची ओळ मात्र सुरात पुरी म्हणतो. चाल आणि पाठांतर मेंदूच्या थोड्या वेगळ्या वाटेनं येतात, म्हणून. घरच्यांना वाटतं वाचा आली आणि 'नाटक करतात' असा संशयही येतो. नाटक नाही ते. त्या सुरातच 'पाणी दे', 'इकडं ये' असे रोजचे शब्द घालून म्हणायला लावा, काहींना त्याचा खरंच उपयोग होतो.

आणि रोजचं चालणं. पळणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी जवळपास दुप्पट टिकल्या, हे १९९९ मध्ये दिसलं. माणसांत २०११ च्या एका अभ्यासात ५५ ते ८० वयाच्या १२० जणांपैकी जे आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं भराभर चालले, त्यांचा हिप्पोकॅम्पस वर्षात सुमारे दोन टक्के वाढला. ती वाढ नव्या न्यूरॉनचीच होती असं म्हणता येत नाही, आणि त्यानं हात सुधारेल असंही नाही. पण मेंदूच्या स्वतःच्या मूळपेशींना आज काही देता येत असेल तर ते एवढंच, आणि त्याला पैसे लागत नाहीत. आप्पांनी अंगणात काठीनं, तुम्ही शेजारी चालत, झेपेल तेवढं. बीपीची गोळी मात्र एक दिवसही चुकू देऊ नका. बरं वाटतंय म्हणून गोळी सोडल्यावर दुसरा झटका घेऊन आलेले रुग्ण मी फार पाहिलेत.

मनगट उचलतं का, बोटं किती उघडतात, खांदा दुखतो का आणि सध्या कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत, एवढं कळवा. त्यावरून हाताचं पुढच्या तीन महिन्यांचं वेळापत्रक लिहून देतो.